दुखण्यांतील सोबत
(आर्णी येथील ज्युबिली महोत्सवांत विवाहित जोडप्यांसमोर केलेलें भाषण)



ज्युबिलीचा दिवस हा आनंदाचा दिवस होय. जुन्या करारांतील लेवीय नांवाच्या ग्रंथांत सांगितल्याप्रमाणें इस्राएल लोकांमध्यें दर पन्नासावें वर्ष रणशिंग फुंकून पवित्र करण्यांत येई. त्या वर्षीं गुलामांस मोकळीक मिळे, हातची गेलेली जमीन मूळ धन्याकडे परत जाई आणि ताटातूट झालेलीं माणसें आपापल्या कुटुंबांत परत येत. आपल्या चर्चच्या इतिहासावर बोलणारे वक्ते आज पुष्कळ आहेत व तें काम ते आमच्यापेक्षां चांगलें करतील. आम्हांस विवाहित जोडप्यांसमोर चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. म्हणून, जो विषय चर्चमध्यें सहसा निघत नाहीं, तोच आम्ही आज घेत आहों. पत्नीच्या स्तनास कर्करोग झाला आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तर पतीनें काय करावें, हा तो विषय होय.

उत्सवाच्या दिवशीं हें अभद्र कशाला, असें कोणास वाटेल. आणि ज्यानें जन्मभर लग्न केलें नाहीं त्यानें जोडप्यांस काय शिकवावें, असेंहि कोणी मनांत म्हणेल. दुसऱ्या आक्षेपास उत्तर एवढेंच, कीं आम्हीं लग्नें पुष्कळ लाविलीं आहेत आणि मातीहि पुष्कळ दिली आहे. या दोहोंच्या मधल्या काळांत घराघरांत काय घडतें, तें उंबरठ्यावर उभें राहून पाहिलें आहे. पहिल्या आक्षेपाचें उत्तर असें, कीं मनांत लपवून ठेविलेलें दुखणें हीहि एक गुलामगिरीच आहे, आणि ज्युबिलीचें रणशिंग तिच्यासाठींहि वाजलें पाहिजे.

या विषयाशीं ज्युबिली या शब्दाचाच एक चमत्कारिक संबंध आहे. दक्षिण आफ्रिकेंतील यागर्सफोन्टेन येथील खाणींत १८९५ सालीं एक मोठा हिरा सांपडला. पैलू पाडल्यावर त्याचें वजन २४५ कॅरटांहून कांहीं अधिक भरलें. म्हणजे आजच्या कोहिनूराच्या दुपटीहून जास्त. १८९७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीचा साठ वर्षांचा महोत्सव झाला, म्हणून त्या हिऱ्यास 'ज्युबिली' हेंच नांव पडलें. पुढें मुंबईचे सर दोराबजी टाटा यांनीं तो आपल्या पत्नी मेहेरबाई यांच्यासाठीं विकत घेतला. १९२४ सालीं जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना बुडण्याच्या बेतांत आला. तेव्हां दोराबजींनीं आपल्या खासगी संपत्तीबरोबर हा हिराहि गहाण टाकिला. कारखाना सावरला, हिरा सुटला. परंतु १९३१ च्या जून महिन्यांत मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानें परदेशांत वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हतें. दोराबजींनीं आपली बहुतेक सारी मालमत्ता धर्मादाय केली, पत्नीच्या नांवानें त्या रोगाच्या संशोधनासाठीं निधि ठेविला, आणि वर्ष पुरें होण्याच्या आंत तेहि गेले. मागाहून विश्वस्तांनीं तो हिरा विकला. पैसा दोराबजींच्या धर्मादाय निधींत गेला. आणि त्याच निधीनें मुंबईस परळ येथें बांधलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. आपल्या विदर्भांतून मुंबईस उपचारासाठीं गेलेले कितीतरी रोगी त्याच दारांतून आंत गेले आहेत.

दोराबजींनीं पत्नीच्या पश्चात् जें केलें तें फार मोठें आहे. आपल्यापैकीं कोणाच्या घरीं असा हिरा नाहीं. परंतु पत्नी जिवंत असतां, ती भीत असतां, पतीनें तिला जें द्यावयाचें तें गरिबांतील गरिबालाहि देतां येतें, आणि तें हिरा विकून मिळत नाहीं. तें कोणतें, हें सांगण्याच्या अगोदर आम्हांस आमची स्वतःची एक चूक आपणांपुढें कबूल करणें भाग आहे.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं, आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतां, रविवारच्या मिस्सानंतर एक बाई दाराशीं घुटमळत उभी राहिली. मंडळी पांगल्यावर ती हळूच म्हणाली, "फादर, छातीत गाठ आल्यावानी वाटते. दुखत नाही. घरी कोणाले सांगतलं नाही. तुम्ही एक प्रार्थना करा." आम्हीं तिच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि तिला धीर यावा म्हणून म्हणालों, "दुखत नाहीं ना? मग काळजी करूं नका." आम्हांस दुसऱ्या गांवीं मिस्सा होती, घाई होती. 'नवऱ्यास सांगितलें काय? डॉक्टरास दाखविलें काय?' हे दोन प्रश्न आम्हीं विचारले नाहींत. पुढें कित्येक महिन्यांनीं गाठ फुटून जखम वाहूं लागली तेव्हां घरांत कळलें. आणि पुढल्या पावसाळ्याच्या आंत आम्हीं तिला माती दिली. तिच्यासाठीं मिस्सा अर्पण केल्यानंतर तिचा नवरा आमच्याजवळ आला. तो रागावला नाहीं, भांडला नाहीं. एवढेंच म्हणाला, "फादर, तुम्हाले मालूम होतं, मले नव्हतं."

बंधुभगिनीहो, तें वाक्य आम्ही अजून उतरवून ठेवूं शकलों नाहीं. प्रार्थना करण्यांत आम्ही चुकलों नाहीं. प्रार्थनेवर थांबलों, ही चूक झाली. आणि 'दुखत नाहीं ना' हें जें आम्हीं म्हटलें तें तर अज्ञानाचें होतें. या रोगाची गाठ पहिल्यानें बहुधा दुखत नाहीं. म्हणून दुखण्याची वाट पाहणें म्हणजे रोगास मुदत देणें होय. स्तनांत किंवा काखेंत कठीण गाठ लागणें, कातडीस खळगा पडणें किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी होणें, बोंडी आंत ओढली जाणें, तींतून रक्त किंवा स्राव येणें, अशीं याचीं लक्षणें आहेत. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पुष्कळशा नसतात. परंतु ती कोणती आहे हें धर्मगुरूनें, शेजारणीनें किंवा वैदूनें ठरवावयाचें नाहीं. तपासणी करून, सुईनें गाठीचा बारीकसा तुकडा काढून डॉक्टरानें ठरवावयाचें आहे. सुई टोंचली म्हणजे रोग पसरतो हा समज खोटा आहे, आणि त्या समजापायीं पुष्कळ घरांत मोलाचे महिने वांयां जातात.

ती बाई आपल्या नवऱ्यास कां बोलली नाहीं? तो दारुडा नव्हता, मारकुटा नव्हता. लाज, हें एक कारण. खर्चाची भीति, हें दुसरें. परंतु तिसरें कारण प्रेमाचेंच होतें: त्याच्या डोक्यास ताप नको, यंदा आधींच कपाशीचें नुकसान झालें आहे. प्रेमच माणसास लपवावयास लावितें. याचें एक जुनें उदाहरण आहे. तें दूरच्या देशाचें असलें तरी आमच्या चुकीवर प्रकाश पाडणारें आहे.

फॅनी बर्नी नांवाची एक प्रसिद्ध इंग्रज कादंबरीलेखिका होऊन गेली. राज्यक्रांतीमुळें देश सोडून इंग्लंडांत आलेल्या आलेक्झांद्र दार्ब्ले या फ्रेंच कॅथलिक सेनाधिकाऱ्याशीं तिनें १७९३ सालीं विवाह केला. पुढें तीं दोघें पॅरिस येथें राहत असतां तिच्या उजव्या स्तनांत गाठ झाली, आणि ३० सप्टेंबर १८११ रोजीं नेपोलियनच्या सैन्याचा नामांकित शस्त्रवैद्य लारे यानें तिच्या घरींच शस्त्रक्रिया केली. त्या वेळीं तेथें भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याची पद्धति रूढ नव्हती. ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याचा जाहीर प्रयोग अमेरिकेंत बोस्टन येथें झाला तो १८४६ सालीं. तिला थोडेंसें मद्य देण्यांत आलें आणि तोंडावर एक झिरझिरीत रुमाल टाकण्यांत आला. त्या रुमालांतून तिला शस्त्राची चकाकी दिसत होती. वीस मिनिटें ती सारें सोशीत होती. पुढें ती अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ जगली आणि १८४० सालीं वृद्धापकाळानें वारली.

परंतु आम्हांस सांगावयाची गोष्ट वेगळीच आहे. पतीला हें पाहवणार नाहीं म्हणून तिनें शस्त्रक्रियेची वेळ त्यास कळूं दिली नाहीं. त्यास कचेरींतच कामांत गुंतवून ठेवण्याची व्यवस्था तिनें आधींच करून ठेविली होती. तो घरीं परतला तेव्हां सारें उरकलें होतें. मागाहून तिनें आपल्या बहिणीस त्या दिवसाचें साद्यंत वर्णन करणारें एक लांब पत्र लिहिलें. तें पुरें करण्यास तिला महिनेच्या महिने लागले. लिहिलेलें पुन्हां वाचण्याचें धैर्य होईना. त्या पत्राच्या अखेरीस तिच्या पतीनें आपल्याहि कांहीं ओळी जोडल्या, आणि त्या दिवशीं आपली काय अवस्था झाली तें लिहून ठेविलें. तिनें त्यास दुःखापासून दूर ठेवावयाचें ठरविलें. पण दुःख त्याच्यापासून दूर राहिलेंच नाहीं. त्याच्या वाट्यास दुःख आलें, सोबत मात्र आली नाहीं. तिच्या प्रेमास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तो काळहि वेगळा होता. तथापि आज पतिपत्नींनीं एकमेकांस अशा रीतीनें वांचवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. लग्नाच्या दिवशीं वेदीपुढें उभें राहून सुखांत व दुःखांत, आरोग्यांत व आजारांत एकनिष्ठ राहण्याचें वचन आपण देतां. त्या वचनांत आजारासाठीं वेगळी सवलत नाहीं. ज्यास दुखणें कळलेंच नाहीं त्यानें आजारांतील वचन पाळावें कसें?

आतां आपल्याच भागांतील एका जोडप्याची हकीकत ऐका. त्या दोघांची संमति घेऊन ती सांगत आहों. नांव व गांव सांगत नाहीं. अरुणावतीच्या कांठच्या मुलखांतील हीं साधीं शेतकरी माणसें. पत्नीचें वय पंचेचाळिसाच्या आंत. तिनें गाठ लागतांच दुसऱ्या दिवशीं सकाळीं नवऱ्यास सांगितलें. तो म्हणाला, "चाल, मी येतो." आम्हांस हे तीन शब्द फार मोलाचे वाटतात. 'दाखवून ये' असें तो म्हणाला नाहीं. वेचणी ऐन भरांत असतां तिला घेऊन तो आधीं यवतमाळास व तेथून नागपुरास गेला, आणि डॉक्टराच्या खोलीबाहेर न थांबतां तिच्याबरोबर आंत जाऊन बसला.

आंत गेल्यावर त्यानें काय केलें? वेचणीच्या बायांच्या कापसाचें वजन ज्या वहींत तो मांडी, तीच वही खिशांतून काढून तिच्या मागल्या पानांवर डॉक्टराचें सांगणें तो लिहूं लागला. भ्यालेल्या माणसास ऐकूं येतें पण लक्षांत राहत नाहीं. म्हणून सोबतच्या माणसानें लिहून घ्यावें, ही फार मोठी सेवा आहे. न समजलेलें त्यानें पुन्हां विचारलें. सारा स्तन काढावा लागेल कीं नुसती गाठ काढून भागेल? शस्त्रक्रियेच्या आधीं औषधांचे डोस आहेत कीं नंतर? काखेंतील ग्रंथि काढणार काय? प्रश्न विचारणें म्हणजे डॉक्टरावर अविश्वास दाखविणें नव्हे. अमेरिकेंत हॉल्स्टेड नांवाच्या शस्त्रवैद्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सारा स्तन, त्याखालचे स्नायु व काखेंतील ग्रंथि एकदम काढण्याची पद्धति रूढ केली आणि पाऊणशें वर्षें तीच चालली. परंतु अमेरिकेंत फिशर यांनीं व इटलींतील मिलान येथें वेरोनेसी यांनीं रोग्यांचे गट करून वर्षानुवर्षें तुलना केली. आणि २००२ सालीं वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हां असें ठरलें, कीं रोग लवकर सांपडला असल्यास गाठ तेवढी काढून, स्तन राखून, पुढें किरणांचा उपचार दिला तरी आयुष्य तितकेंच लाभतें. प्रत्येकीस हें शक्य नसतें. तथापि 'आमच्या बाबतींत शक्य आहे काय' असें विचारण्याचा हक्क तिला आहे, आणि उत्तर ऐकून तिचा जो निर्णय होईल तो पतीनें आपला मानला पाहिजे.

या बाईस सारा स्तन काढावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं आम्हीं तिला रुग्णाभिषेकाचा संस्कार दिला. येथें एक खुलासा करतों. हा संस्कार मरणाऱ्या माणसासाठींच आहे, असा समज जुन्या मंडळींत अद्याप आहे. फादर तेल घेऊन आले म्हणजे घरांत रडारड सुरू होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ सालीं पोप सहावे पॉल यांनीं या संस्काराचा सुधारलेला विधि मंजूर केला, आणि त्यांत गंभीर दुखण्यासाठीं शस्त्रक्रिया होणार असेल तर तिच्या अगोदर हा संस्कार देतां येतो असें स्पष्ट आहे. हें जगण्यासाठीं दिलेलें बळ आहे. तेव्हां आम्हांस उशीरा बोलावूं नका; रुग्णालयांत दाखल होण्याची तारीख ठरतांच बोलवा. त्या दिवशीं प्रार्थना चालू असतां तिचा नवरा तिच्या उशाशीं उभा होता. प्रत्येक प्रार्थनेस 'आमेन' तिच्याआधीं तो म्हणे.

शस्त्रक्रियेनंतर जखमेंत सांचणारें पाणी बाहेर यावें म्हणून एक नळी घालून तिला एक लहानशी बाटली जोडून देतात. घरीं सोडल्यावरहि ती कांहीं दिवस राहते. रोज किती पाणी आलें तें मोजून लिहावें लागतें, आणि तें पुरेसें कमी झाल्यावर डॉक्टर नळी काढतात. हें मोजण्याचें काम त्या नवऱ्यानें आपल्याकडे घेतलें. कापसाच्या वहींतच तारीख, वेळ आणि माप. मालकाच्या हातांत बाटली पाहून शेजारचे लोक कुजबुजत. त्यानें पर्वा केली नाहीं. भावजय म्हणाली, रोग लागट असेल, तिचें ताट वेगळें ठेवा. त्यानें त्याच संध्याकाळीं सर्वांदेखत पत्नीच्या ताटांत जेवण केलें. हा रोग लागट नाहीं, हें शंभर वेळां सांगून जें कळलें नसतें तें घरास त्या एका जेवणानें कळलें.

इतका सारा गुणी मनुष्य, परंतु तोहि एके ठिकाणीं चुकला. ही चूक त्यानेंच आम्हांस सांगितली, आणि इतर नवऱ्यांस सांगा असें म्हणाला. जखमेची पट्टी बदलण्याची वेळ आली कीं तो खोलींतून बाहेर जाई. त्यास वाटे, तिला लाज वाटत असेल. शिवाय जखम पाहण्याची त्यास भीति वाटे. ती कांहीं बोलली नाहीं. मात्र रात्रीं भिंतीकडे तोंड करून निजूं लागली. पंधरा दिवसांनीं एकदा तिनें विचारलें, "आता किळस येते का माही?" तो सांगतो, त्या प्रश्नानें आपल्या अंगावर कांटा उभा राहिला. दुसऱ्या दिवशीं पट्टी बदलतांना तो आंत थांबला. त्यानें पाहिलें. मग म्हणाला, "टाके चांगले भरले." बस्स, एवढेंच. त्यास दुसरें कांहीं सुचलें नाहीं, आणि दुसऱ्या कशाची गरजहि नव्हती. ती पुष्कळ रडली. परंतु त्या रात्रीं भिंतीकडे वळली नाहीं.

पतिबंधूंनो, हाच आमच्या भाषणाचा गाभा आहे. तुम्हांस तिचें दुखणें काढून घेतां येणार नाहीं. शस्त्र तिच्याच अंगावर चालणार. क्रुसाच्या वाटेवर कुरेनेकर शिमोनानें प्रभूचा क्रूस कांहीं अंतर वाहिला. पण प्रभूच्या ऐवजीं तो क्रुसावर चढला नाहीं. तें त्याचें काम नव्हतें. पवित्र मरियेनें तर क्रूस वाहिलाहि नाहीं. ती नुसती जवळ उभी राहिली, आणि तिनें तोंड फिरविलें नाहीं. तोंड न फिरविणें हेंच तुमचें काम आहे. संत पौल इफिसकरांस लिहितो, कीं पतीनें पत्नीवर स्वतःच्या शरीराप्रमाणें प्रीति करावी. तुमच्या स्वतःच्या हाताची दोन बोटें यंत्रांत गेलीं तर उरलेल्या हाताकडे तुम्ही पाहणार नाहीं काय? तोच न्याय येथेंहि लावा. स्त्रीचें स्त्रीपण एका अवयवांत नसतें, हें आम्ही वेदीवरून सांगूं. परंतु तें तिला खरें वाटेल तें तुमच्या नजरेवरून, आमच्या प्रवचनावरून नव्हे.

पुढील सोबत लांबणीची असते. त्या बाजूचा हात आखडूं नये म्हणून भिंतीवर बोटें चालवीत हात वर नेण्याचे व्यायाम शिकवितात. ते कंटाळवाणे असतात, म्हणून शेजारीं उभें राहून करवून घ्यावे. काखेंतील ग्रंथि काढल्या असल्यास हातास सूज येऊं शकते; ती दिसतांच डॉक्टरास दाखवावी, आणि पाण्याचे हंडे व सरपणाचे भारे त्या हातावर कित्येक महिने पडूं देऊं नयेत. औषधांच्या डोसांनीं केस गळतात, तोंड येतें, अन्नाचा वास सोसत नाहीं. केस बहुधा पुन्हां येतात. या काळांत 'धीर धर' असें वारंवार सांगण्यापेक्षां चूल पेटवावी, मुलांच्या वेण्या घालाव्या, पुढची तारीख लक्षांत ठेवावी. आणि पतीनें स्वतःहि कोठें तरी मन मोकळें करावें. तो घरीं रडूं शकत नसेल तर येथें चर्चमध्यें येऊन बसावें. आमचें दार त्याच्यासाठीं रात्रींहि उघडें आहे.

पैशाची अडचण आम्ही जाणतों. महाराष्ट्र सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेंत नोंदलेल्या रुग्णालयांत कर्करोगाची शस्त्रक्रिया, औषधांचे डोस व किरणोपचार तिच्याखालीं होतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयांतील 'आरोग्यमित्र' या सेवकास भेटावें. उपचारासाठीं जाणाऱ्या कर्करोग्यास व त्याच्या एका सोबत्यास रेल्वेच्या भाड्यांत सवलत मिळते. फार लांब जावयास नको. सेवाग्रामास कस्तुरबा रुग्णालय आहे, आणि नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नांवाचें प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईस जावें लागलेंच तर दादरला संत गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयांत येणारे गरीब रोगी व त्यांचे नातलग तेथें उतरतात. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेल्या, हातांत खराटा घेऊन गांवोगांव फिरणाऱ्या त्या साधूनें देवळें न बांधतां धर्मशाळा बांधल्या. आपण सर्व धर्मांच्या लोकांनीं त्यापासून शिकावें असें त्यांत पुष्कळ आहे. त्याच टाटा रुग्णालयाजवळचा रस्ता डॉक्टर अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नांवानें ओळखला जातो. गोव्यांत जन्मलेला हा कॅथलिक शस्त्रवैद्य, गरीब रोग्यांचा कैवारी म्हणून प्रसिद्ध होता. आपल्या श्रद्धेचीं माणसेंहि या कामांत मागें नव्हतीं, हें मुलांस सांगा.

मातांनो व भगिनींनो, आतां तुम्हांस दोन शब्द. मुंबईंत टाटा रुग्णालयानें १९९८ पासून गरीब वस्त्यांतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांमध्यें एक पाहणी चालविली. मोठीं यंत्रें नव्हतीं. शिकविलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं, चार वेळां, नुसत्या हातांनीं एका गटांतील स्त्रियांचे स्तन तपासले. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांमध्यें या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ तीस टक्क्यांनीं कमी झाले. म्हणजे शिकलेल्या हाताची पांच मिनिटांची तपासणी जीव वांचवूं शकते. तेव्हां लाज बाजूस ठेवा. आमच्या महिला मंडळास आमची विनंति आहे, कीं ज्युबिलीची आठवण म्हणून वर्षांतून एकदा, संत आगाथेच्या सणाच्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारीच्या पांचव्या तारखेच्या आसपास, एखाद्या स्त्री-डॉक्टरास येथें बोलावून सर्व धर्मांच्या भगिनींची तपासणी करवावी. सिसिलींतील कातानिया येथें तिसऱ्या शतकांत सम्राट डेसियसच्या छळांत ही कुमारिका हुतात्मा झाली. छळकांनीं तिचे स्तन कापिले असें परंपरा सांगते, आणि म्हणूनच या दुखण्याच्या स्त्रिया तिचा आश्रय करतात. मिस्साच्या प्राचीन प्रार्थनेंत तिचें नांव आजहि घेतलें जातें. ख्रिस्तसभेस तें नांव वेदीवर घेण्यास लाज वाटली नाहीं. मग आपल्या पतीजवळ हें दुखणें बोलण्यास तुम्हांस कां वाटावी?

शेवटीं एक मागणें. आज घरीं गेल्यावर, मुलें निजल्यावर, प्रत्येक जोडप्यानें एकमेकांस एक प्रश्न विचारावा: 'मला सांगितलें नाहींस असें कांहीं दुखणें तुला आहे काय?' पुरुषांनींहि खरें उत्तर द्यावें. लपविण्याची संवय एकट्या स्त्रियांची नाहीं. उत्तर 'नाहीं' आलें तर देवाचे आभार माना. 'होय' आलें तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या शेतकऱ्यानें म्हटलेले तीन शब्द म्हणा: "चाल, मी येतो." आणि वाटेंत चर्चवरून जातां असाल तर आम्हांसहि हांक मारा. आम्ही प्रार्थना करूं. परंतु या वेळीं आधीं ते दोन प्रश्न विचारूं.

ती बाई आज या मंडपांत आपल्या पतीशेजारीं बसली आहे. डॉक्टरांकडे तिच्या तारखा अजून चालू आहेत. पुढचें देव जाणे. वही मात्र अजून त्याच्याच खिशांत आहे.

हे प्रभु येशू, लग्नाच्या गांठीनें तूं ज्यांस जोडिलेंस त्यांस दुखण्यांत एकटें पडूं देऊं नकोस. संत आगाथे, आम्हांसाठीं विनंति कर. आमेन.